दुसऱ्याच्या हातचा घास

आपल्याकडे खाऊ घालण्याचं पुण्य फार मोठं मानलं जातं. दारी आलेल्याला उपाशी पाठवू नये, पंगतीत आग्रह करून वाढावं, वाटसरूला निदान गूळ-पाणी तरी द्यावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. यजमानाचं कौतुक करायला आपल्याला कधी शब्द कमी पडले नाहीत. जेवणारा मात्र "अन्नदाता सुखी भव" म्हणतो आणि हात धुवायला उठतो. त्याच्याही बाजूने काही दिलं गेलं आहे, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला वाटतं, त्याचं देणं अन्नदात्याच्या देण्याइतकंच मोठं असतं. परक्या माणसाच्या दुकानात जावं, त्याच्या टेबलाशी बसावं आणि त्याच्या हातचं विश्वासाने खावं, यातून आपण त्याला सांगत असतो की तू आमच्यातला आहेस. असं सांगणारं कुणी भेटलं नाही, तर नव्या गावात माणूस वर्षानुवर्षं राहूनही उपराच राहतो.

हा विचार मनात ठसला तो अमेरिकेतल्या एका जुन्या दुकानात. इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला कोलंबस नावाचं सुमारे पन्नास हजार वस्तीचं शहर आहे. पुणेकरांना ते अगदीच अनोळखी नाही. डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी १९१९ साली इथेच सुरू झाली. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्सच्या रूपाने ती पुण्यात आली आणि कोथरूडच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली. १९९१ साली कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं मुलींसाठीचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, त्यालाही कमिन्सचा हात लागला. त्यामुळे कोथरूड-कर्वेनगर आणि कोलंबस यांच्यातली ये-जा आता नवलाची राहिलेली नाही. माझी लेक त्याच महाविद्यालयातून शिकून तिकडे गेली, आणि तिच्याकडे आम्ही गेलो तेव्हा तिने आम्हाला वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या झाहाराकोसमध्ये जेवायला नेलं.

झाहाराकोस हे गोळ्या, आइस्क्रीम आणि साध्या जेवणाचं दुकान. १९०० साली तीन ग्रीक भावांनी ते सुरू केलं. त्या काळात ग्रीसच्या दक्षिण भागातून हजारो तरुण अमेरिकेची वाट धरत होते, आणि त्यामागची कहाणी ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. वाइन करायला फ्रेंचांना द्राक्षं मिळेनात, म्हणून ते ग्रीसमधून बारीक काळ्या मनुका विकत घेऊ लागले. भाव चढला, तशी दक्षिण ग्रीसच्या शेतकऱ्यांनी ऑलिव्हची झाडं तोडून द्राक्षवेली लावल्या. पुढे फ्रान्सचे मळे सावरले. फ्रान्सने बाहेरच्या मनुकांवर जकात चढवली आणि १८९३ साली भाव कोसळला. त्याच वर्षी ग्रीसचं सरकारही दिवाळखोरीत गेलं. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. मळा आहे, माल आहे, घेणारा नाही. घरातल्या कर्त्या मुलाने तेव्हा बोट धरली.

इंग्रजी येत नव्हतं, भांडवल नव्हतं. मग या मंडळींनी काय केलं? कुणी हातगाडीवर गोळ्या विकल्या, कुणी बूट पुसले, कुणी फळांची टोपली घेऊन फिरलं. चार पैसे साठल्यावर अनेकांनी मिठाईचं दुकान टाकलं. अमेरिकेच्या मध्य भागातल्या लहान लहान शहरांत त्या काळी मुख्य रस्त्यावरचं गोळ्या-आइस्क्रीमचं दुकान ग्रीक माणसाचं असणं ही नेहमीची गोष्ट होती. साखरेला भाषा लागत नाही. तांब्याच्या कढईत पाक उकळायचा, तो गोळीबंदच्याही पुढे, दीडशे अंशांपर्यंत न्यायचा, संगमरवरी फरशीवर ओतून गार होता होता ओढायचा, कापायचा, बरणीत भरायचा. हात शिकला की पुरे. आणि ज्या मुलाला तुमचं नाव उच्चारता येत नाही, तो मुलगासुद्धा बरणीकडे बोट दाखवू शकतो.

या तीन भावांनी मात्र बरण्यांवर समाधान मानलं नाही. १९०४ साली सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे मांडलेली ऑनिक्स दगडाची दोन सोडा फाउंटन्स त्यांनी आपल्या दुकानासाठी घेतली. १९०८ साली जर्मनीच्या वेल्टे कंपनीचं ऑर्केस्ट्रियन आणलं. ऑर्केस्ट्रियन म्हणजे कपाटाएवढं यांत्रिक वाद्य. त्यात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरत असते. ज्या जागी भोक येईल तिथून हवा वाट काढते आणि तिच्या जोरावर आतले पावे, ढोल, झांजा आपोआप वाजतात. वर्षानुवर्षांची कमाई या भावांनी अशा वस्तूंत घातली. हे वाचल्यावर माझ्या मनात आलं, उद्या गाशा गुंडाळून परत जाणारा माणूस असा खर्च करत नाही. शहरातल्या लोकांनी इथे नुसती खरेदी करून जाऊ नये, जरा बसावं, गाणं ऐकावं, मुलाबाळांना घेऊन यावं, ही त्यामागची इच्छा होती. पोटापुरतं कमावून झाल्यावर त्यांनी गावाचा पाहुणचार मांडला.

आम्ही गेलो तो शनिवार होता आणि दुकान भरलेलं होतं. आम्ही दोघं, लेक, जावई, नात आणि आमच्या विहीणबाई असे सहा जण एका टेबलाभोवती बसलो. शेजारच्या टेबलावर शेतकरी वाटणारं एक वयस्क जोडपं होतं. पलीकडे कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. लोकांच्या ताटात गॉम नावाचं इथलं जुनं, खिम्याचं सँडविच दिसत होतं. आम्ही शाकाहारी म्हणून भाजलेल्या पावातलं चीज सँडविच मागवलं. नातीने आइस्क्रीम सोडा मागितला आणि तो कसा करतात ते बघायला मला हाताला धरून संगमरवरी काउंटरपाशी नेलं. करणारा विशीतला मुलगा होता. त्याने उंच पेल्यात आधी सरबताचा पाक घातला, चमचाभर आइस्क्रीम त्यात घोटलं आणि मग फाउंटनचा दांडा पुढे ओढला. सोड्याची जाड धार पडली. पेला भरत आल्यावर आइस्क्रीमचा गोळा सोडला आणि तोच दांडा मागे ढकलला. आता सुईसारखी बारीक धार जोराने सुटली आणि फेस पेल्याच्या काठावर चढला. एकाच दांड्याच्या दोन धारा, एक भरण्यासाठी आणि एक फुलवण्यासाठी. ऑर्केस्ट्रियन वाजू लागलं तेव्हा नातीने विचारलं, "आजी, वाजवणारे लोक आत बसलेत का गं?"

विहीणबाईंची त्या दिवशी संकष्टी होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवा, मी नुसती बसते." लेकीने त्या मुलाला सांगितलं की यांचा आज उपास आहे. एवढ्यावर तो "ठीक आहे" म्हणून गेला असता तरी कुणाला काही वाटलं नसतं. पण तो थांबला आणि त्याने विचारलं, "मग त्यांना आज काय काय चालतं?" लेकीने एकेक सांगितलं: दूध, फळं, दाणे, साखर. त्याने व्हॅनिला आइस्क्रीम, केळं आणि सुकामेवा एवढंच घालून एक बशी करून आणली. नेहमीचं बिस्किट घातलं नाही आणि तसं आवर्जून सांगितलंही. सत्तरी ओलांडलेल्या विहीणबाई ते कौतुकाने खात होत्या. मग त्यांनी पिशवीतून घरून आणलेला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि त्या मुलापुढे धरला. मी क्षणभर बघत राहिले, तो घेईल का? त्याने हात पुसले, लाडू घेतला, तिथेच उभ्याने अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा "आतल्या मैत्रिणीला देतो" म्हणून घेऊन गेला.

विहीणबाई दिवसभर खुशीत होत्या. त्या खुशीचं कारण आइस्क्रीम नव्हतं. आपल्या मुलाकडे येऊन त्यांना बरेच दिवस झाले होते. इतक्या दिवसांत सगळ्यांनी त्यांच्यासाठी काही ना काही केलं होतं: गाडीतून नेलं, दुकानं दाखवली, थंडीचा कोट घेऊन दिला. त्या सतत घेणाऱ्याच्या जागी होत्या. त्या शहरात त्यांच्या हातचं कुणीतरी परक्याने पहिल्यांदा खाल्लं. रोज वाढणाऱ्या बाईला नुसतं घेत बसावं लागणं किती जड जातं, हे मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उमगलं.

हीच गोष्ट त्या तीन भावांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर घडली असणार. १९२०च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेचा फार जोर होता. कृष्णवर्णीयांचा, ज्यूंचा, कॅथलिकांचा आणि बाहेरून आलेल्यांचा ती द्वेष करत असे. अमेरिकेत ठिकठिकाणी ग्रीकांच्या दुकानांवर बहिष्कार घातले गेले. अशा छळाला उत्तर म्हणून १९२२ साली अटलांटामध्ये ग्रीक अमेरिकनांनी आपली अहेपा ही संघटना उभी केली. त्या दिवसांत एखाद्या कुटुंबाने ग्रीक माणसाच्या दुकानात जाऊन आइस्क्रीम खाणं ही साधी गोष्ट होती का? दिसायला साधीच. पण दुकान चालतं ते अशाच साध्या गोष्टींवर. झाहाराकोस एकाच घराण्याकडे शंभराहून अधिक वर्षं राहिलं, याचा अर्थ शहरातल्या कितीतरी पिढ्या त्या दारातून आत गेल्या. भावांनी टेबल मांडलं हे त्यांचं मोठेपण, आणि लोक त्या टेबलाशी येऊन बसले हे लोकांचं.

जुन्या दुकानांच्या आठवणी गोड असतात, म्हणून दुसरी बाजू विसरून चालणार नाही. अमेरिकेत अशी काउंटरं सगळ्यांसाठी खुली नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्याच दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत होत्या. पैसे चालत होते, पण शेजारी बसून खाणं चालत नव्हतं. ते शांतपणे बसून राहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, त्यांच्यामागे आणखी विद्यार्थी आले, आणि जुलै महिन्यात ते काउंटर सर्वांना खुलं झालं. त्याचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे. एका स्टुलावर बसून कॉफी पिण्यासाठी एवढं झगडावं लागलं, कारण सोबत बसून खाणं म्हणजे काय हे अडवणाऱ्यांना आणि बसणाऱ्यांना, दोघांनाही नेमकं ठाऊक होतं.

आपल्याला तर हे कुणी शिकवायलाच नको. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर आपण शेकडो वर्षं माणसं तोलली. म्हणूनच कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघालं, पण वरच्या म्हणवणाऱ्या जातींचं गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी घेऊन त्या हॉटेलसमोर थांबू लागले, भर रस्त्यात गंगारामांकडून चहा मागवू लागले, स्वतः पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. नीट विचार केला तर महाराजांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, भांडवल दिलं. तेवढं एखादा दयाळू धनिकही देऊ शकला असता. दुसरी गोष्ट फार थोड्यांना जमते. त्यांनी गंगारामांच्या हातून घेतलं. राजाने प्रजेतल्या सर्वांत खाली लोटलेल्या माणसापुढे हात केला आणि त्याला यजमान केलं. पैशाने हॉटेल उभं राहिलं, पण गंगारामांना मान मिळाला तो त्या चहाच्या कपाने.

कोलंबसच्या दुकानाची पुढची हकिकतही सांगायला हवी. २००६ साली झाहाराकोस बंद पडलं. दाराला कुलूप लागलं आणि शंभर वर्षांची वहिवाट थांबली. मग त्याच शहरातले उद्योजक टोनी मोराव्हेक पुढे आले. त्यांनी ती इमारत घेतली, ऑनिक्सची फाउंटन्स, जुनं लाकूडकाम, छत असं एकेक दुरुस्त करून घेतलं, ऑर्केस्ट्रियन पुन्हा वाजतं केलं, आणि २००९ साली दुकान उघडलं. या शहरात एलिएल आणि ईरो सारिनेन, आय. एम. पेई अशा थोर वास्तुशिल्पींच्या इमारती आहेत, त्या बघायला दुरून लोक येतात. तिथल्या माणसांना पहिलं प्रेम विचारलं तर मात्र बरेच जण या दुकानाचं नाव घेतील असं मला वाटतं. तीन परदेशी भावांनी मांडलेलं टेबल तिथल्याच एका माणसाला आपला वारसा वाटला आणि त्याने त्यासाठी पदरचा पैसा घातला. बाहेरून आलेला माणूस गावाचा होतो म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आपल्याही आसपास आज अशी माणसं आहेत. बांधकामावर आलेलं कुटुंब आहे, सोसायटीत नव्याने राहायला आलेले दुसऱ्या प्रांतातले शेजारी आहेत, वसतिगृहात ईशान्येकडून शिकायला आलेली मुलगी आहे, कोपऱ्यावर मोमोची गाडी लावणारा तरुण आहे. त्यांना मदत करावी असं आपल्याला वाटतं आणि ते चांगलंच आहे. जुने कपडे द्यावेत, सणाला फराळाचं ताट पाठवावं. पण ताट पाठवून आपलं काम संपत नाही. त्यांच्याकडून परत आलेल्या ताटात जे असेल ते आपण मनापासून खातो का? त्यांनी "या ना घरी" म्हटल्यावर "कशाला उगाच त्रास" म्हणून टाळतो, की जातो? आपण टाळतो ते बहुतेक वेळा संकोचाने. पण आपल्या अशा नकारामुळे त्यांच्या वाट्याला फक्त घेणाऱ्याची जागा येते, आणि कायम घेत राहावं लागणारा माणूस कुठेच निश्चिंत होत नाही.

आणि आपल्यापैकी जे बाहेरगावी, परदेशी असतील, त्यांच्यासाठीही यात एक सांगणं आहे. नव्या गावाने आपल्याला आपलं म्हणावं म्हणून वाट बघत बसू नये. चार माणसांना बोलवावं, साधं पिठलं-भात का असेना, आपल्या हाताने वाढावं. आपल्यासारख्याच मराठी मंडळींना तर बोलवावंच, पण ज्याला आपल्या जेवणाचं नावही उच्चारता येत नाही अशा शेजाऱ्यालाही बोलवावं. त्या तीन भावांनी ग्रीकांपुरतं दुकान काढलं असतं, तर ते ग्रीकांबरोबरच संपलं असतं. त्यांनी सगळ्या गावासाठी काढलं, म्हणून ते गावाने राखलं.

कुटुंबाने एकत्र बाहेर जेवायला जाणं ही आता फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. दर आठवड्याला आपण जातो. पण जाताना मुलांना एवढं जरूर सांगावं की समोर आलेल्या ताटामागे कुणाचा तरी प्रवास असतो. हा माणूस कुठून आला, त्याने आपलं काय मागे सोडलं, हे त्याला आदराने विचारावं. त्याच्या हातच्या पदार्थाची चव त्याला सांगावी. मुलं हे बघून शिकतात, आणि जातीचं, प्रांताचं, धर्माचं अंतर ज्या वयात मनात शिरतं त्याच वयात ते आपण असं बाहेर ठेवू शकतो.

देण्याची सवय चांगलीच आहे. तिला आता घेण्याच्या सवयीची जोड द्यायला हवी. आजच्या दिवसात अशी एखादी संधी नक्की येईल: ऑफिसात नवा आलेला कुणी डबा पुढे करेल, कामाला येणाऱ्या ताई त्यांच्याकडच्या पूजेचा प्रसाद देतील, नवे शेजारी वाटीभर काहीतरी घेऊन दारात उभे राहतील. "नको, आत्ताच जेवलो" हे शब्द तोंडावर येतील. ते गिळावेत, पुढे आलेलं दोन्ही हातांनी घ्यावं आणि त्यांच्यासमोर खावं. समोरच्या माणसाला यजमान होण्याचा मान देणं आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे, आणि त्यासाठी राजा असावं लागत नाही.